दूध नाही, स्टिरॉइड आहे: बीडच्या ताटात कॅल्शियम शोधताना

दम्याचा त्रास सुरू झाला की घरात पहिलं फर्मान दह्या-ताकावर निघतं. ‘कफ होतो’ म्हणून पाठोपाठ दूधही जातं. सांधे धरले की आंबट बंद, म्हणजे ताक आणि कढी पुन्हा बाद. अंगावर चट्टे उठले, कोड दिसलं, सोरायसिस निघाला, तर दुधाचं खाणं सोडा असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. आता हे आजार नीट पाहा. दमा, आमवात, त्वचेची हट्टी दुखणी. डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून देतात ते बहुतेक याच आजारांत. म्हणजे हाडांतलं कॅल्शियम घालवणारं औषध सुरू होतं आणि त्याच सुमारास कॅल्शियम घरात येण्याचा सर्वांत सोपा रस्ता पथ्याच्या नावाखाली बंद होतो.

या पथ्याला आधार फारसा नाही. दुधाची खरी ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. एरवी दुधाने दमा वाढतो असं तपासण्यांत दिसलेलं नाही. पण पथ्य चूक आहे एवढं सांगून प्रश्न मिटत नाही. मोठेपणी दूध न पचणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. दुधातली साखर पचवणारा पाचक रस लहानपणानंतर कमी होत जातो, मग पेलाभर दुधाने पोट फुगतं, ढाळ लागते. अशांपैकी अनेकांना दही-ताक चालतं, काहींना तेही नाही. काहींनी मनाने दूध सोडलेलं असतं. आणि ज्यांना परवडतच नाही, त्यांचीही संख्या मोठी.

बीड जिल्ह्यात हा शेवटचा गट डोळ्यांत भरतो. दूध निघत नाही असं नाही. आष्टीकडे डेअरीच्या बिलावर किराणा चालणारी घरं आहेत. पण दूध विकायचं असतं. घरात राहतं ते चहापुरतं, कित्येक घरांत चहाही कोराच. दसरा-दिवाळी झाली की शिरूर, पाटोदा, धारूर, केज, वडवणी, गेवराई इकडून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, पहाटे अंधारात भाकऱ्या थापल्या जातात. कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, दुभतं जनावर कुठून असणार? चार-पाच महिने भाकरी, कालवण आणि कोरा चहा.

या बायकांच्या हाडांबद्दल बोलताना 2019 साल टाळता येत नाही. त्या वर्षी ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांतल्या अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. चर्चा झाली ती खासगी दवाखान्यांची, खाडा झाला की मुकादम घेतो त्या दंडाची, पाळीच्या दिवसांत बुडणाऱ्या मजुरीची. ती व्हायलाच हवी होती. हाडांचा मुद्दा मात्र त्या गदारोळात मागे राहिला. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले असतील तर पाळी जाण्याच्या वेळी हाडांची जी झीज सुरू व्हायची, ती पस्तिशीतच सुरू होते. बीजांडकोश ठेवले तरी त्यांचं काम काही वर्षं आधी थांबण्याची शक्यता असते. अशी बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीवर चढते. पाठ दुखते. पाठ दुखते म्हणून ती गोळी घेते, आणि त्या गोळीत पुष्कळदा काय असतं ते तिला ठाऊक नसतं.

स्टिरॉइड हे मुळात शरीरातल्याच एका संप्रेरकाचं औषधी रूप. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी 1948 मध्ये आमवाताने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिझोन टोचलं आणि अंथरुणाला खिळलेली व्यक्ती काही दिवसांत चालू लागली. 1950 चं नोबेल हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन या तिघांना मिळालं. या औषधाचा असा झटपट गुण आजही तेवढाच खरा आहे, आणि बाजारात त्याचा गैरवापर होतो तोही त्यामुळेच. दुसरी बाजू मात्र त्याआधीच लिहून ठेवलेली होती. हार्वे कुशिंग यांनी 1932 मध्ये ज्या रुग्णांचं वर्णन केलं, त्यांच्या शरीरात हेच संप्रेरक जास्त बनत होतं. त्यांचे चेहरे गोल झाले होते आणि हाडं विरळ.

गोळीने हाड विरळ होतं ते एका वाटेने नाही. नवं हाड बांधणाऱ्या पेशी कमी तयार होतात आणि लवकर मरतात. हा सर्वांत मोठा घाव. त्यात आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, मूत्रपिंडातून जास्त वाहून जातं, हाडं टिकवणारी स्त्री-पुरुष संप्रेरकं घटतात, आणि मांड्यांचे स्नायू अशक्त होऊन माणूस पडण्याची भीती वाढते. सगळ्यांत वेगाने नुकसान होतं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. ‘अजून वर्षभर घेऊ, मग बघू’ या हिशेबात सर्वांत महत्त्वाचे महिने निघून जातात. मणका दबला तरी पुष्कळदा कळतही नाही. उंची दोन बोटं कमी होते, पाठीला पोक येतं, आणि ते वयाच्या खाती मांडलं जातं.

‘आमचे आजे-पणजे भाकरी-ठेच्यावर जगले, त्यांची हाडं कुठं मोडली?’ हा प्रश्न गावात नेहमी निघतो, आणि तो वेडगळ नाही. कॅल्शियम कमी मिळालं की शरीर सावरून घेतं, जेवढं येतं त्यातला मोठा वाटा शोषून घेतं. गरज किती यावर जगात एकमत नाही ते यामुळेच. ब्रिटन मोठ्या माणसाला दिवसाला 700 मिलिग्रॅम पुरे म्हणतो. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2010 मध्ये 600 सांगितलं होतं आणि 2020 मध्ये ते 1000 वर नेलं, पाळी गेलेल्या बाईसाठी 1200. पण आज्यांचा दाखला स्टिरॉइड घेणाऱ्याला लागू पडत नाही. कमी खाऊन जास्त शोषण्याची जी सोय शरीराकडे आहे, तिच्यावरच हे औषध घाला घालतं. म्हणून अमेरिकी संधिवात तज्ज्ञांची संघटना सांगते की दिवसाला अडीच मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिने वा त्याहून अधिक घेणाऱ्याने खाण्यातून आणि गोळीतून मिळून 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 600 ते 800 एकक ड जीवनसत्त्व रोज घ्यावं. अडीच मिलिग्रॅम म्हणजे पाचच्या गोळीचा अर्धा तुकडा. ‘माझा डोस बारीक आहे’ म्हणणारे बहुतेक जण या रेषेच्या वरच असतात.

आपण स्टिरॉइड घेतो आहोत, हेच अनेकांना माहीत नसतं. वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल ही प्रेडनिसोलोनची नावं. मेड्रॉल म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सोना म्हणजे डेक्सामेथासोन, बेटनेसॉल म्हणजे बीटामेथासोन, डेफकॉर्ट म्हणजे डेफ्लाझाकॉर्ट. मिलिग्रॅमचा आकडा लहान म्हणून औषध सौम्य समजू नये: डेक्सामेथासोनचं पाऊण मिलिग्रॅम हे प्रेडनिसोलोनच्या पाच मिलिग्रॅमच्या तोडीचं. ही सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा कायदा आहे. प्रत्यक्षात पाकीट नसलेल्या सुट्या गोळ्या, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकली जाणारी भुकटी यांतून स्टिरॉइड पोटात जातं. ओळखायचं कसं? वर्षानुवर्षांचं दुखणं दोन दिवसांत पळालं, भूक खवळली, चेहरा भरला, साखर वाढली, जरा लागलं की काळंनिळं पडतं, तर संशय घ्यावा. आपल्याकडे अडचण अशी की भरलेला चेहरा म्हणजे तब्येत सुधारली असं धरलं जातं. ‘पुडी मानवली’ म्हणतात. ती मानवलेली नसते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. हे वाचून कुणी गोळी एकदम सोडू नये. काही आठवडे स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं कमी करतं. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. पुडी घेणाऱ्यानेही डॉक्टरांना पुडी दाखवून, त्यांच्या सांगण्याने ती उतरवत न्यावी. दम्याच्या पंपाचं तर उलट आहे. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, नेहमीच्या डोसात हाडांवर त्याचा परिणाम थोडाच असतो, आणि पंप नीट घेतला तर गोळ्यांचीच वेळ कमी येते. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून गोळी मागणारा माणूस स्वस्त सोडून महाग घेतो.

आता ताटाकडे. बीडचं नेहमीचं जेवण म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचं वरण किंवा बेसन, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. यात कॅल्शियम किती? 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून भरडधान्य म्हटलं की कॅल्शियम असं समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं आहे. ते नाचणीपुरतं खरं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, पण ज्वारीत अवघं 28 आणि बाजरीत 27. गव्हापेक्षाही कमी. नाचणी कोकणाची आणि सह्याद्रीच्या डोंगरउताराची. बालाघाटाच्या माळावर ती कुणाच्या घरची नाही. दिवसभरात तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या तर 80 मिळाले, पन्नास ग्रॅम तूरडाळीतून 35, शेंगदाण्यातून पंधरा-वीस. बेरीज दीडशेलाही पोचत नाही. ज्याला हजार हवेत त्याच्या ताटात दीडशे. या ताटाला निकस म्हणायचं नाही, लोह आणि तंतू यात चांगले आहेत, पण कॅल्शियमच्या बाबतीत ते रिकामंच आहे.

जिल्ह्याच्या स्वयंपाकात दुसऱ्या काही वस्तू आहेत, त्या रोजच्या ताटातून हळूहळू मागे सरकल्या. हुलगा घ्या, ज्याला पश्चिमेकडे कुळीथ म्हणतात. शंभर ग्रॅममध्ये सुमारे 270 मिलिग्रॅम. डाळी-कडधान्यांत यापुढे फारसं कुणी नाही. हुलग्याचं माडगं आणि शेंगोळे हे पावसाळ्या-हिवाळ्यातले पदार्थ, सर्दी-पडशाला हमखास. ते गरिबाघरचं खाणं म्हणून मागे पडले, जनावराला घालायचं धान्य म्हणून हिणवले गेले. हुलगा हलक्या जमिनीत, कमी पाण्यात येतो, साठवणीला टिकतो. फडावर जाताना पिठाच्या पिशवीबरोबर दोन-चार किलो हुलग्याचं पीठ बांधून नेलं तर कोपीवरच्या चुलीवर माडगं व्हायला पंधरा मिनिटं पुरतात. सगळ्या उपायांत मला हा सर्वांत व्यवहारी वाटतो.

दुसरे तीळ. न सोललेल्या पांढऱ्या तिळात शंभर ग्रॅमला तेराशेच्या घरात कॅल्शियम आहे, काळ्यात त्याहून जास्त. आकडा भुलवणारा आहे, म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. तिळातलं बरंचसं कॅल्शियम टरफलात असतं. दुकानातले पांढरेशुभ्र, सोललेले तीळ घेतले तर ते टरफलाबरोबरच गेलेलं असतं. आणि टरफलातलं कॅल्शियम ऑक्झलेटशी बांधलेलं असल्याने सगळं अंगी लागत नाही, दुधाच्या मानाने थोडं कमीच. तरीही रोज दीड-दोन चमचे तिळाची चटणी ही मोठी भर आहे. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापायची आपली चाल आहे. ती वर्षातून एकदाच का, याला उत्तर नाही. तीळगुळाचं मात्र जपून. स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते, तेव्हा लाडवापेक्षा चटणी बरी. तिळाच्या चटणीला कारळ्याची जोड देता येते.

पालेभाज्यांत सगळ्यात मोठी फसगत पालकाची. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेटने ते इतकं जखडलेलं असतं की शंभरातलं पाचच्या आसपास शरीराला मिळतं. दुधातलं पंचवीस-तीस मिळतं. तांदुळजा, माठ, घोळ, चुका, अळू यांचंही थोड्याफार फरकाने असंच. उकळून पाणी टाकलं तर ऑक्झलेट काही प्रमाणात निघतं. या भाज्या खाऊ नयेत असं नाही, फक्त कॅल्शियमच्या खात्यात त्या धरू नयेत. कामाच्या भाज्या म्हणजे मेथी, मुळ्याचा पाला आणि शेवग्याचा पाला. मेथीत शंभर ग्रॅमला सुमारे 270, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर, मुळ्याच्या पाल्यात दोनशेच्या पुढे. मुळा घेताना पाला मोडून भाजीवालीकडेच टाकून येणारी माणसं पाहिली की जीव हळहळतो, कारण पांढऱ्या मुळ्यात जे नाही ते त्या पाल्यात आहे. शेवगा तर बांधावर, परड्यात फुकट वाढतो. शेंगा बाजारात जातात, पाला शेळीला. हादग्याचीही तीच कथा: आपण फुलांची भाजी करतो, तमिळनाडूत पानांची करतात, आणि कॅल्शियम पानांत आहे, शेवग्याच्या पाल्याच्या दुपटीहूनही जास्त. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून केलेली भाजी आणि घोळाणा, करडईची भाजी, हेही या यादीत बसतं. उन्हाळ्यात हिरवं मिळत नाही, म्हणून हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवण्याची जुनी रीत होती. शेवग्याचा पालाही सावलीत वाळवून पिठात मिसळता येतो.

सीताफळाबद्दल विचारलं जातं, कारण बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच्या गुणांची बरीच जाहिरात झाली. फळ उत्तम आहे. कॅल्शियम त्यात नावापुरतं आहे.

मांसाहार करणाऱ्यांना एक सोपी वाट आहे, ती म्हणजे काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे. मटणाच्या फोडीत कॅल्शियम नसतं, आणि पाया-सूप उकळून जे मिळतं तेही लोक समजतात त्याच्या पासंगाला पुरत नाही. आठवडी बाजारातली सुकट आणि वाळले बोंबील यांत ते भरपूर आहे. पण मीठही भरपूर आहे. स्टिरॉइडने अंगात पाणी-मीठ साठतं, रक्तदाब चढतो. शिवाय चहाचा एक चमचा जादा मीठ पोटात गेलं की लघवीतून सुमारे 40 मिलिग्रॅम कॅल्शियम जादा जातं. ते भरून काढायला खाण्यातून दीडशेच्या आसपास हवं. सुकट पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून करावी. ठेचा-लोणच्यातल्या मिठालाही हाच हिशेब लागतो.

एकत्र मांडून पाहू. तीनशे ग्रॅम ज्वारीपैकी शंभर ग्रॅमच्या जागी नाचणीचं पीठ बाहेरून आणून मिसळलं नाही असंच धरू. भाकरी-वरणाचे 115, मेथीची मोठी जुडी म्हणजे शंभर ग्रॅम निवडलेल्या पाल्याचे 270, पन्नास ग्रॅम हुलग्याचे 135, पंधरा ग्रॅम सालीच्या तिळाचे 190. झाले सातशेच्या वर, एक थेंब दूध न घालता. नाचणी मिळाली, तर साडेतीनशेजवळ आणखी. हे गणित कच्च्या वजनाचं आहे आणि रोज कुणाच्या घरी एवढं सगळं होत नाही. पण जिथून सुरुवात केली ते ताट दीडशेचं होतं.

सातशेपुढचं अंतर काही प्रमाणात पाणी भरून काढतं. मराठवाड्याच्या काळ्या खडकातून झिरपलेलं बोअरचं पाणी जड असतं. त्या जडपणात कॅल्शियमच असतं, आणि पाण्यातलं कॅल्शियम दुधातल्याइतकंच चांगलं शोषलं जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 75 मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम योग्य, आणि दुसरी सोय नसेल तर 200 पर्यंत चालेल असं म्हटलं आहे. पन्नास धरलं आणि उन्हात तीन लिटर प्यायलं तरी दीडशे. ‘खारं पाणी’ म्हणून हे सोडून जारचं पाणी घेणाऱ्या घरात ते दीडशे उरत नाहीत, कारण आरओ यंत्र क्षारांबरोबर कॅल्शियमही काढून टाकतं. मात्र बोअरचं पाणीच प्या असा सल्ला मी देणार नाही. जिल्ह्यातल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आढळलं आहे, आणि जास्त फ्लोराईड हाडांचं वेगळं नुकसान करतं. तपासणी झालेली विहीर किंवा नळ असेल तर जार विकत घेण्यात हाडांचा तोटा आहे, एवढंच.

आणि चुना. ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज घ्या, सत्तर रोग पळतील’ हा निरोप मोबाईलवर सगळ्यांनी वाचला आहे. हिशेब करून पाहा. गव्हाच्या दाण्याएवढा ओला चुना भरतो पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास, त्यात निम्मं पाणी. उरलेल्या चुन्यात अर्धं कॅल्शियम. हातात आले बारा-पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे मेथीची दहा-पंधरा पानं. एवढ्यासाठी तोंड आणि अन्ननलिका भाजण्याचा धोका घ्यायचा? मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि त्यांच्या रोटीत कॅल्शियम वाढतं, हे खरं. पण तिथे चुना शिजण्यात मुरतो, मका धुतला जातो. तंबाखूबरोबर चोळलेल्या चुन्याची तर गोष्टच नको. तंबाखू हाडं पातळ करते, आणि बायकांची मिश्री तंबाखूचीच असते. अंड्याच्या टरफलाची पूड हा दुसरा घरगुती उपाय. त्यात कॅल्शियम खरोखर आहे, एका टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास. पण टरफल उकळून, खडखडीत वाळवून, मैद्यासारखं दळायचं, आणि मग मिळतं ते कॅल्शियम कार्बोनेट, जे औषधाच्या दुकानात स्वच्छ गोळीच्या रूपात मिळतं.

गोळीची वेळ येतेच, बहुतेकांना. खाण्यातून सातशे आले तर तीनशे-पाचशेची एक गोळी पुरते. दोन-तीन गोळ्या घेणं शौर्याचं नाही. पाकिटावर ‘1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट’ लिहिलेलं असतं, त्यात खरं कॅल्शियम 500. एका वेळी पाचशेच्या वर नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन असतील तर दोन जेवणांना वाटून घ्याव्यात. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, ती जेवणाबरोबरच हवी. इथे एक बारकी गोम आहे: स्टिरॉइडबरोबर पित्ताची गोळी, पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, जवळपास प्रत्येकाला दिली जाते, आणि ती आम्लच कमी करते. अशा माणसाला कॅल्शियम सायट्रेट बरं. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास जाऊ द्यावेत. मुतखड्याच्या भीतीने कॅल्शियम टाळणारे आपल्या उन्हाळी भागात खूप आहेत. खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि खड्याची शक्यता उलट कमी करतं. जेवण सोडून अवेळी घेतलेल्या गोळीबद्दल मात्र काळजी रास्त आहे. ज्यांना आधी खडा झाला आहे त्यांनी विचारून घ्यावं, आणि पाणी भरपूर प्यावं.

ही गोळी महाग नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना कॅल्शियम-ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्याचं केंद्र सरकारचं धोरण 2014 पासून आहे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ती असायला हवी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात स्टिरॉइड सुरू करून घेतलेल्या रुग्णाने त्याच चिठ्ठीवर कॅल्शियमही लिहून मागायला संकोच करू नये.

ड जीवनसत्त्वाशिवाय हे सगळं कॅल्शियम आतड्यातून पुढे सरकत नाही. बीडला ऊन कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. पण फडावरची बाई लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, डोक्या-तोंडाला फडकं गुंडाळते, कारण उसाचं पातं अंग कापतं. उन्हात दिवस जातो आणि कातडीवर ऊन पडत नाही. ल्युपससारख्या आजारात तर डॉक्टरच ऊन टाळायला सांगतात. म्हणून औषध लागतं. बाजारात 60 हजार एककांची पुडी किंवा कॅप्सूल मिळते, ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. रोजची समजून घेतली तर रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंड बिघडतं. चिठ्ठीवरचं ‘आठवड्याला’ औषधवाल्याकडून मोठ्याने वाचून घ्यावं.

कॅल्शियम आणि ड यांनी किती राखलं जातं? स्टिरॉइड घेणाऱ्यांवरचे प्रयोग कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात एकत्र तपासले गेले, तेव्हा दोन्ही मिळून दिल्यास मणक्याच्या आणि हाताच्या हाडाची झीज कमी होते असं दिसलं. हाडं मोडण्याचं प्रमाण घटतं, हे मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. कॅल्शियम नसेल तर बाकीचे उपाय लागू पडत नाहीत, पण ज्याचं वय जास्त, पाळी लवकर गेलेली, डोस मोठा किंवा एकदा हाड मोडलेलं, त्याला नुसतं हुलग्यावर आणि गोळीवर सोडणं चूक आहे. त्याला हाडांची झीज थोपवणारं औषध लागतं. ॲलेंड्रोनेट आठवड्याला 70 मिलिग्रॅम, सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. पहाटे तीनला फडावर निघणाऱ्या बाईला हे कसं जमावं?

तिच्यासाठी दुसरं औषध सोयीचं पडतं: झोलेड्रोनिक ॲसिड, 5 मिलिग्रॅम, सलाईनमधून, वर्षातून एकदा. दसऱ्याआधी ते दिलं तर पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळी गावी परतेपर्यंत पुन्हा काही लागत नाही. पण त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी हवी, मूल हवं असलेल्या तरुण बाईशी डॉक्टरांनी वेगळं बोलायला हवं, आणि शरीरात कॅल्शियम आणि ड पुरेसं असायला हवं. नसेल तर या औषधाने रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं, हातापायांना मुंग्या येतात, पेटके येतात. म्हणजे दसऱ्याच्या सलाईनची तयारी श्रावणातच सुरू करावी लागते, शेवग्याला पाला असतो आणि टोळ्या अजून गावात असतात तेव्हा.